टॅटू, गोंदण, भिकबाळी: इंदूरच्या मराठी घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्रनगर असो की लोकमान्यनगर, घरात कोणी टॅटूचा विषय काढला की प्रश्न दोन टोकांचे येतात. नातवंडं विचारतात कुठे काढू, केवढा काढू. मोठी माणसं विचारतात, हे पुसता येतं का? दोन्हींची उत्तरं इथे आहेत. ‘आईचं नाव’, ‘मल्हारी मार्तंड’, ‘आजीच्या हातावरची तुळस’ असं काही काढून घ्यायचं मनात असलेल्यांसाठी अक्षरांबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे.

गोंदण आणि टॅटू यांत फरक काय?

शरीराच्या दृष्टीने काहीच नाही. दोन्हींत सुई वरची कातडी पार करून साधारण १ ते २ मिलिमीटर खोल, आतल्या थरात रंग सोडते. वरचा थर महिनाभरात झडून नवा येतो, पण आतल्या थरातले रंगाचे कण तिथल्या संरक्षक पेशी गिळून धरून ठेवतात, म्हणून खूण टिकते. फरक साधनांत आहे. गोंदणारी बाई तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून हाताने टोचायची आणि काजळी झाडपाल्याच्या रसात कालवायची. आज यंत्र ठरवलेल्या खोलीवर सुई चालवतं आणि शाई बाटलीतून येते.

आजीचं गोंदण हिरवट-निळं दिसतं म्हणून रंग हिरवा होता असं समजू नका. काजळी काळीच असते. ती कातडीच्या आत असल्याने प्रकाश विखुरतो आणि डोळ्यांना निळसर छटा दिसते.

आजीच्या हातावरचं गोंदण मला तसंच्या तसं हवं आहे. काय करावं?

आधी त्याची नीट नोंद करा, आणि ती आजी समोर असतानाच करा. दुपारी खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, हात सपाट टेकवून चार-पाच फोटो काढा. शेजारी शाळेची पट्टी ठेवा, म्हणजे मोजमाप मिळतं. मग पारदर्शक प्लास्टिकचा कागद हातावर ठेवून बारीक मार्करने टिंबं उतरवून घ्या. कातडी सैल झालेली असते, म्हणून दुसऱ्या कोणीतरी ती दोन बोटांनी हलकेच ताणून धरावी. नाहीतर तुळशीची फांदी वाकडी येते आणि कलाकार तो वाकडेपणाच खरा धरून काढतो.

इतक्या वर्षांत रेघ पसरून दुप्पट जाड झालेली असते. तुम्हाला आजचा पसरलेला आकार काढायचा आहे की पहिल्या दिवशीचा, ते आधी ठरवा. आमचं मत पहिल्या दिवशीच्या बाजूने आहे, कारण तुमचीही रेघ पुढे पसरणारच आहे. टिंबं मोजा आणि आजीला विचारा: हे कुठल्या गावी काढलं, याला काय म्हणायचे, कपाळावर आणि हनुवटीवर वेगळं का? ‘मेल्यावर सोबत येतं ते एवढंच’ असं म्हणणाऱ्या पिढीकडे प्रत्येक टिंबाचं नाव असतं. ते नाव फोटोत उतरत नाही.

इंदुरात मराठी अक्षरं काढून घेताना चुका का होतात?

बहुतेक ठिकाणी टॅटू काढणारा हिंदी वाचणारा असतो आणि संगणकातला फॉन्टही हिंदी वळणाचा असतो. यात कोणाचा दोष नाही, पण चूक तुमच्या दंडावर राहते. इथे चार गोष्टी बिघडतात.

पहिली, ‘ळ’. हिंदीत तो वापरात नसल्याने ‘ल’ लिहिला जातो. ‘माझं बाळ’चं ‘माझं बाल’ झालं की मराठी वाचणाऱ्याला डोक्यावरचे केस आठवतात. ‘येळकोट’, ‘सांभाळ’, ‘कुळ’ असे शब्द दोनदा तपासा.

दुसरी, ऱ्हस्व-दीर्घ. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार सहसा दीर्घ असतो: शक्ती, कवी, गुरू. हिंदीत शक्ति, कवि, गुरु. संस्कृत श्लोकातला शब्द मात्र मूळ संस्कृताप्रमाणेच ठेवावा. तुमचा शब्द कुठल्या भाषेतला आहे ते आधी ठरवा, मग अक्षर लिहा.

तिसरी, ‘ल’ आणि ‘श’ यांचं रूप. मराठी वळणात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ असतो. हिंदी वळणात दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच मराठी रूपं मानली आहेत. ‘मल्हार’ किंवा ‘अहिल्या’ काढताना हा फरक लांबूनही कळतो. दंडाचा ‘ल’ अशुद्ध नाही, पण आजोबांच्या पत्रातलं अक्षर हवं असेल तर तो ते अक्षर नाही.

चौथी चूक सर्वांत वाईट, आणि ती संगणकाची आहे. चित्रांच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय सुरू केलेली नसली की जोडाक्षर फुटतं: ‘श्री’चा पाय मोडलेला ‘श्’ आणि वेगळी ‘री’ होते, ‘मार्तंड’मधला रफार जागेवर राहत नाही, ‘शिव’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तर वेगळीच अक्षरं दिसू शकतात.

उपाय सोपा आहे. मजकूर टाइप करून पाठवू नका. चांगलं अक्षर असलेल्या माणसाकडून पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने लिहून घ्या, स्कॅन करा आणि ते चित्र म्हणून द्या. स्टेन्सिल (टॅटूआधी कातडीवर उमटवतात तो नमुना) अंगावर उमटल्यावर आरशात वाचू नका, आरशात अक्षरं उलटी दिसतात. फोनने फोटो काढून घरातल्या मराठी वाचणाऱ्या दोघांना पाठवा आणि त्यांचं ‘बरोबर आहे’ आल्यावरच सुई लावू द्या. जांभळी स्टेन्सिल स्पिरिटने पुसून पाच मिनिटांत नवी लावता येते. सुई लागल्यानंतर दुरुस्ती नाही.

मोडीत नाव काढून घ्यायचं आहे. इंटरनेटवरचा तक्ता पुरेल का?

नाही. होळकर, शिंदे, गायकवाड या तिन्ही घराण्यांच्या दप्तरांतले जुने कागद मोडीत आहेत, म्हणून माळव्यात आणि बडोद्यात मोडीबद्दल खास ओढ आहे. ती रास्तही आहे. पण मोडी म्हणजे देवनागरीचा फॉन्ट बदलणं नव्हे. आधी पूर्ण आडवी रेघ ओढायची आणि मग तिला लटकवून अक्षरं, हात न उचलता, एकमेकांत गुंफत लिहायची ही तिची रीत. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो आणि शब्दांत मोकळी जागाही सोडलेली नसते. तक्त्यातून एकेक अक्षर उचलून शेजारी ठेवलं तर मोडी जाणणाऱ्याला ते तुटक दिसतं. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली, तरी फॉन्टमधली जोडणी हातच्या वळणासारखी येतेच असं नाही. मोडी वाचणाऱ्या दोन माणसांकडून नाव लिहून घ्या आणि तिसऱ्याला, काय लिहिलं आहे ते न सांगता, वाचायला द्या. त्याने बरोबर वाचलं तर पुढे जा.

अक्षर किती मोठं असावं आणि कुठे?

शिरोरेषेपासून खाली किमान ८ ते १० मिलिमीटर, आणि जोडाक्षर असेल तर १५च्या पुढे. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ळ’ यांच्या पोटातली पोकळी रेघ पसरली की भरून जाते आणि दहा वर्षांनी नुसता ठिपका उरतो. वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार-ऋकार यांची जागा वेगळी धरा.

शिरोरेषा सरळ असते, हात गोल असतो. हात टेबलावर उताणा ठेवून स्टेन्सिल लावली की उभं राहिल्यावर रेघ तिरकी दिसते, कारण मनगट वळलं की पुढच्या हाताची (कोपर ते मनगट) कातडी पिळली जाते. म्हणून स्टेन्सिल उभं राहून, हात सैल सोडून लावून घ्या. बोटांच्या कडा, तळहाताची बाजू, तळपाय टाळा. तिथे कातडी सारखी घासते आणि शाई तुकड्या-तुकड्यांनी जाते. मनगटाच्या आत आणि घोट्याजवळ कातडी पातळ असते, सुई जरा खोल गेली की शाई खालच्या चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर धुकं येतं. ते बरं होत नाही.

दुकान स्वच्छ आहे हे कसं ओळखायचं?

भिंतीवरच्या फोटोंवरून नाही. हे बघा: सुईचं बंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं का, त्यावर मुदतीची तारीख आहे का? शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपीत काढली का, आणि उरलेली फेकली का? (परत बाटलीत ओतली तर उठून या.) शाई पातळ करायला निर्जंतुक पाणी घेतलं की नळाचं? हातमोजे घालून मोबाइल उचलला तर मोजे बदलले का?

निळ्या दिव्याच्या पेटीला बरेच जण ‘स्टेरिलायझर’ म्हणतात. ती फार तर स्वच्छ केलेली वस्तू झाकून ठेवायची जागा आहे. पुन्हा वापरायची धातूची पकड असेल तर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) लागतो: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, किमान १५ मिनिटं. उकळत्या पाण्याने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, पृष्ठभागावर, सात दिवसांपर्यंत टिकू शकतो. या आजाराची लस आहे. घेतली नसेल तर टॅटूच्या आधी तिची मात्रा पूर्ण करणं शहाणपणाचं.

भगोरियात किंवा जत्रेत गोंदवून घेतलं तर?

झाबुआ, आलिराजपूर, धार, बडवानी भागातले होळीआधीचे भगोरिया हाट बघायला जरूर जा. भिल्ल-भिलाल्यांचं गोंदण त्यांच्या घराण्यांचं, अंगाचं आहे; नीट बघण्यासारखं आहे. पण बॅटरीच्या यंत्रावर एकामागून एक वीस जणांना तीच सुई लागत असेल तर हात पुढे करू नका. नमुना आवडला तर काढणाऱ्याला विचारून, त्याला पैसे देऊन कागदावर उतरवून घ्या.

कोणत्या महिन्यात काढावा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. घाम कमी, ऊन सौम्य. इंदुरात मात्र एक तारीख विसरून चालत नाही: रंगपंचमी. राजवाड्यावरच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) टँकरने रंग-पाणी आणि गुलाल उडतो, आणि ताजा टॅटू म्हणजे उघडी जखम. रंगाचे कण त्यात गेले तर संसर्गही होतो आणि डागही राहतो. गेरमध्ये जायचं असेल तर महाशिवरात्रीच्या निदान आठवडाभर आधी काढा, म्हणजे चार आठवडे मिळतात. ‘रंगपंचमी झाली की काढू आणि पाडव्याला मिरवू’ हा हिशेब फसतो. दहाव्या दिवशी खपल्या सुटत असतात.

गणपतीत ढोल वाजवणाऱ्यांनी खांद्यावर, कमरेवर, पट्टा बसतो तिथे आदल्या महिन्यात काही करू नये. ओंकारेश्वरला नर्मदेत किंवा उज्जैनला क्षिप्रेत डुबकी घ्यायची असेल तरी तोच नियम: चार आठवडे नदी नाही, तलाव नाही, पोहण्याचा तलावही नाही. अंघोळ चालते.

त्या दिवशी पोट रिकामं ठेवावं का?

उलट. पोहे-जिलबी खाऊनच जा. उपाशी बसलं की घेरी येते. आदल्या रात्री दारू नको. बधिर करणारं क्रीम (लिडोकेन-प्रिलोकेन) लावायचं असेल तर अखंड कातडीवर, छोट्या भागात, तासभर आधी, आणि कलाकाराला सांगून. त्याने कातडी थोडी फुगीर होते आणि शाई धरायला त्रास देते. मोठ्या भागावर थापून प्लास्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे, औषध रक्तात उतरतं.

काढल्यावर काय लावायचं? हळद चालेल?

हळद नको, बोरोलीनचा जाड थर नको, आईच्या आग्रहाचं खोबरेल तेलही पहिल्या दिवसांत नको. हळद स्वयंपाकघरात गुणी आहे, पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते आणि ती पिवळा डाग सोडते.

पट्टी दुकानदाराने सांगितलेल्या वेळी काढा. हात साबणाने धुऊन, बिनवासाच्या साबणाने टॅटू बोटांनीच हलके धुवा, घासणी-टॉवेल नको. स्वच्छ टिश्यूने टिपा. दहा मिनिटं वाळू द्या. मग बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा इतका पातळ थर की कातडी चमकू नये. दिवसातून दोन-तीनदा. पहिले तीन दिवस जखमेतलं पातळ पाणी आणि शाई झिरपते, चादरीला डाग लागतात. जुनी चादर घाला. चौथ्या ते दहाव्या दिवसात कातडी सुटते आणि प्रचंड खाज येते. खाजवू नका, वरून थोपटा. खपली ओढली की तिच्याबरोबर रंगही येतो आणि तिथे पांढरा ठिपका राहतो. वरून बरं व्हायला दोन-चार आठवडे लागतात, आतून दोन-तीन महिने. त्यानंतर उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन.

चिकट पारदर्शक फिल्म लावली असेल तर पहिली साधारण २४ तासांनी बदलतात, कारण आत शाईमिश्रित पाणी साठतं. दुसरी तीन-पाच दिवस राहते. मे महिन्यात घामाने कडा सुटतात. कड सुटली की फिल्म काढून टाका, कारण तिथून घाम आत जातो आणि बाहेर पडत नाही.

डॉक्टरकडे केव्हा?

तिसऱ्या दिवसानंतर लाली कमी होण्याऐवजी पसरत असेल, पू, ताप, किंवा टॅटूपासून वर जाणारी लाल रेघ दिसली तर त्याच दिवशी. काही आठवड्यांनी करड्या छायेच्या भागातच बारीक पुरळ उठलं तर त्वचारोगतज्ज्ञाला ‘टॅटू केला आहे’ हे सांगून दाखवा. नळाच्या पाण्यात पातळ केलेल्या शाईतून येणारा एक संथ संसर्ग असा दिसतो आणि साध्या मलमाने जात नाही. लाल भागच सुजून खाजत असेल तर ती बहुधा शाईची ॲलर्जी; सर्व रंगांत लालची सर्वाधिक आढळते. एमवाय रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

कोणी थांबावं?

कान टोचल्यावर जाड गाठ आली असेल त्यांनी, विशेषतः छाती-खांद्यावर, कारण तशीच गाठ टॅटूवर येऊ शकते. सोरायसिस किंवा कोड असलेल्यांनी, कारण सुई लागलेल्या जागी तो आजार उमटू शकतो. गरोदर बायकांनी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि साखर आटोक्यात नसलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं; गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. आणि १८ पूर्ण नसलेल्यांनी.

रक्तदान करता येतं का?

येतं, पण टॅटू किंवा टोचण्यानंतर १२ महिने थांबून. नियमित देणाऱ्यांनी आधी रक्त द्यावं, मग टॅटू काढावा.

मुलगा भरतीची तयारी करतो आहे. टॅटूने अडेल का?

अडू शकतो. महूची लष्करी छावणी इतकी जवळ आहे की हा प्रश्न इथे रोजचा आहे. सैन्यभरतीत कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा आतला भाग आणि पंजाची उलटी बाजू, एवढीच जागा चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत नियम आणखी अरुंद आहे: पुढच्या हातावर असेल तर डावाच, कारण उजव्याने सलाम करतात, आकार त्या भागाच्या चौथ्या हिश्शाहून कमी. आमचा सल्ला स्पष्ट आहे. निवड होईपर्यंत काहीच काढू नये, आणि त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये.

देवाचं चित्र कुठे चालेल? सोवळ्यात अडचण येते का?

गोंदलेल्या हातांनीच पिढ्यानपिढ्या पूजा झाली आहे, त्यामुळे खूण ही अडचण नाही. जागा मात्र बघावी: देवाचं नाव-चित्र कमरेखाली नको, हे घरातल्या मोठ्यांचं म्हणणं मान्य करण्यात काही कमी होत नाही. दंड, छातीची डावी बाजू, पाठीचा वरचा भाग यांवर वाद होत नाहीत.

भिकबाळी घालायची तर कान कुठे टोचतात?

परंपरेने पुरुषाच्या उजव्या कानाच्या वरच्या भागात. तिथे कूर्चा (मऊ, लवचीक हाड) आहे, पाळीसारखं मांस नाही. पाळी ६ ते ८ आठवड्यांत भरते, कूर्चाला ६ महिने ते वर्ष लागतं. रक्तपुरवठा कमी असल्याने तिथे पू झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो.

म्हणून कान टोचायची बंदूक नको. ती कूर्चा ठेचते, आणि तिचा प्लास्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. पोकळ निर्जंतुक सुईनेच टोचून घ्या. सुरुवातीला मोत्यांची भिकबाळी घालू नका. तारेच्या वळणांत जखमेतलं पाणी साचतं आणि वजनाने भोक खाली ओढलं जातं. आधी टायटॅनियमची किंवा शुद्ध सोन्याच्या तारेची साधी बाळी, रोज दोनदा मिठाच्या पाण्याने (एक पेला उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ) भिजवलेला कापूस, आणि त्या कुशीवर झोपणं बंद. मिरवणुकीपुरतीच हवी असेल तर चापाची भिकबाळी मिळते.

नथीसाठी नाकाची डावी पाकळी टोचतात. भरायला चार-सहा महिने धरा. लग्न तोंडावर असेल तर दाबाची नथच बरी.

काळी मेंदी लावून आधी बघू का?

बघायचं तर खऱ्या मेंदीने किंवा कागदी टॅटूने बघा. खरी मेंदी कधीच काळी नसते. तासाभरात काळीभोर होणाऱ्या मेंदीत बहुधा केस रंगवण्याचं रसायन, पीपीडी असतं. त्याने फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे केसांचा रंगही आयुष्यभर चालत नाही.

आणि नको झाला तर?

लेझरने बराचसा जातो, रबराने पुसल्यासारखा जात नाही. काळ्यासाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर वापरतात. सावळ्या कातडीवर तेच जास्त सुरक्षित, कारण कातडीचं स्वतःचं रंगद्रव्य ते कमी शोषतं. लालसाठी ५३२ लागतं, हिरवा-निळा सर्वांत हट्टी. सहा ते दहा बैठका, दोन बैठकांमध्ये सहा-आठ आठवड्यांचं अंतर, म्हणजे वर्ष सहज जातं. जागा गडद किंवा फिकट राहू शकते. जुनं काजळीचं गोंदण तुलनेने कमी बैठकांत उतरतं. लेझर त्वचारोगतज्ज्ञाकडेच करा. पुसण्याची क्रीमं, चुना, मीठ घासणं, आम्ल यांनी टॅटू जात नाही, भाजल्याचा व्रण मात्र कायमचा येतो.

नाव बदलायचं असेल तर त्यावर नवं चित्र काढता येतं, पण ते जुन्याच्या दोन-तीन पट मोठं आणि जास्त गडद असावं लागतं. दोन-तीन बैठका लेझरच्या घेऊन जुनं फिकट केलं तर वरच्या चित्रासाठी जास्त मोकळीक मिळते.